दुचाकी चालक अनुज्ञप्ती

दुचाकी चालक अनुज्ञप्ती म्हणजे सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड चालविण्यासाठी परिवहन विभागाच्या अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याने एखाद्या व्यक्तीस दिलेली लेखी परवानगी होय. भारतात ही परवानगी मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार दिली जाते. महाराष्ट्रात ती प्रादेशिक आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत मिळते. बोलीभाषेत तिला 'लायसन' किंवा 'परवाना' म्हणतात. शासकीय मराठीत मात्र 'अनुज्ञप्ती' हा शब्द रूढ आहे. प्रथमच दुचाकी चालवू इच्छिणाऱ्यास आधी शिकाऊ अनुज्ञप्ती, नंतर किमान ३० दिवसांचा सराव, त्यानंतर योग्यता चाचणी आणि शेवटी पक्की अनुज्ञप्ती अशा टप्प्यांतून जावे लागते.

अनुज्ञप्ती हे ओळखपत्र म्हणून सर्रास वापरले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. रस्त्यावर वाहनामुळे इतरांच्या जिवाला जो धोका संभवतो, त्याची जबाबदारी पेलण्याइतके ज्ञान आणि कौशल्य धारकाकडे आहे, असे शासनाने तपासून दिलेले ते प्रमाण असते. म्हणूनच अनुज्ञप्तीशिवाय झालेल्या अपघाताचे परिणाम चालकापुरते मर्यादित राहत नाहीत. ते वाहनमालक, पालक आणि विमा या तिन्हींपर्यंत पोहोचतात.

संज्ञा

अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'मोटारसायकल' म्हणजे दोन चाकांचे मोटार वाहन होय. त्याला जोडलेली, काढता येण्याजोगी बाजूगाडीही या व्याख्येत येते. त्यामुळे व्यवहारात ज्याला स्कूटर, मोपेड किंवा 'गाडी' म्हटले जाते, ते प्रत्येक वाहन कायद्याच्या भाषेत मोटारसायकलच ठरते. कायद्याने मोटारसायकलींचे दोन वर्ग केले आहेत: गिअर नसलेली आणि गिअर असलेली. गिअर नसलेल्या वाहनाची अनुज्ञप्ती असणाऱ्यास गिअरची मोटारसायकल चालविता येत नाही. अर्ज करताना कोणत्या वर्गासाठी अनुज्ञप्ती हवी हे नमूद करावे लागते आणि चाचणीही त्याच वर्गाच्या वाहनावर द्यावी लागते.

चारपेक्षा कमी चाके असलेले आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या क्षमतेचे इंजिन बसविलेले वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येबाहेर राहते. केंद्रीय नियमांनुसार ज्या विजेवरील दुचाकीच्या मोटारीची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, अशी विहित अटी पाळणारी दुचाकीही मोटार वाहन मानली जात नाही. तिला अनुज्ञप्ती लागत नाही. त्याहून अधिक शक्तीच्या विजेवरील स्कूटरींना मात्र पेट्रोलवरील वाहनांप्रमाणेच अनुज्ञप्ती, नोंदणी आणि विमा आवश्यक असतो. 'विजेवरील गाडीला लायसन लागत नाही' हा समज या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने पसरलेला आहे.

इतिहास

ब्रिटिश भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९३९ ने घेतली. कोल्हापूर हे त्या काळी संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि राज्याची मोटार वाहनविषयक व्यवस्था येथेही आली. सध्याचा १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्यात १९९४ आणि २०१९ साली महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

या काळात दुचाकीचे स्वरूपही बदलत गेले. १९५० आणि १९६० च्या दशकांत बुलेट, जावा, राजदूत यांसारख्या गिअरच्या मोटारसायकली रस्त्यावर होत्या. १९७२ साली बजाज चेतक ही स्कूटर आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना ही ५० घन सेंटिमीटरची मोपेड बाजारात आली. लुनामुळे विद्यार्थी, शिक्षक आणि छोटे व्यापारी प्रथमच स्वयंचलित वाहनाकडे वळले. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या कायनेटिक होंडामुळे गिअर नसलेल्या स्कूटरीचे युग सुरू झाले. दुचाकी चालविणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढण्यास या वाहनांचा मोठा हातभार लागला. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या मोटारसायकलीने कमी इंधनात अधिक अंतर हा निकष रूढ केला.

वयोमर्यादा

अधिनियमाच्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. याला एकच अपवाद आहे. इंजिनाची क्षमता ५० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक नसलेली मोटारसायकल १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस चालविता येते. अशा अल्पवयीन अर्जदारास पालकाची लेखी संमती द्यावी लागते.

हा अपवाद आज बराचसा कागदावर उरला आहे आणि त्याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९८८ च्या मूळ तरतुदीत १६ वर्षांवरील मुलांना 'गिअर नसलेली मोटारसायकल' चालविण्याची मुभा होती. १९९४ च्या दुरुस्तीने त्या शब्दांऐवजी '५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल' असे शब्द घातले. त्या वेळी ५० घन सेंटिमीटरच्या मोपेड सहज मिळत. पुढे त्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. सध्याच्या लोकप्रिय पेट्रोल स्कूटरींची इंजिने साधारणपणे ११० ते १२५ घन सेंटिमीटरची असतात. परिणामी अकरावी-बारावीतील ज्या विद्यार्थ्याकडे सोळाव्या वर्षी रीतसर मिळविलेली अनुज्ञप्ती आहे, त्यालाही घरातील स्कूटर कायदेशीरपणे चालविता येत नाही. अनुज्ञप्ती खरी असते, पण ती त्या वाहनासाठी नसते. हा भेद न कळल्यामुळे अनेक कुटुंबांत मुलाला 'लायसन मिळाले' असे समजून गाडीची किल्ली दिली जाते.

कमाल वयाची मर्यादा नाही. मात्र ४० वर्षांवरील अर्जदारास नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) द्यावे लागते. त्याहून कमी वयाच्या अर्जदाराचे स्वतःच्या शारीरिक योग्यतेविषयीचे घोषणापत्र (नमुना १) पुरेसे असते. खासगी दुचाकीच्या अनुज्ञप्तीसाठी शैक्षणिक पात्रतेची अट नाही. सौम्य आणि मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असणाऱ्यांनाही २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर अनुज्ञप्ती मिळू शकते. दिव्यांग व्यक्तींना त्यांच्या गरजेप्रमाणे बदल केलेल्या, म्हणजे अनुकूलित वाहनासाठी अनुज्ञप्ती दिली जाते.

कोल्हापुरातील व्यवस्था

कोल्हापूरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय ताराबाई पार्क परिसरात आहे. त्याच्या कार्यक्षेत्रातील वाहनांना एमएच ०९ हा नोंदणी संकेत दिला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्जदारास राज्यातील कोणत्याही अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यामुळे गगनबावडा, चंदगड किंवा शेजारच्या जिल्ह्यातून शिक्षणासाठी येऊन कोल्हापुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ अनुज्ञप्तीसाठी गावी जावे लागत नाही.

शहरातील नवशिक्या चालकापुढे येणाऱ्या अडचणी शाहूपुरीच्या उदाहरणावरून लक्षात येतात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारपेठ म्हणून वसविलेली ही वसाहत गुळाच्या व्यापारासाठी नावारूपास आली. त्यापूर्वी, १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला होता. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बस स्थानक यांच्या सान्निध्यामुळे येथील रस्त्यांवर एसटी बस, मालवाहू टेम्पो, रिक्षा, हातगाड्या आणि पादचारी एकाच वेळी असतात. आखीव गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदत असल्याने दर थोड्या अंतरावर चौक येतो आणि दुकानांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही. लोहमार्गापलीकडच्या राजारामपुरीकडे जाणारा परीख पुलाखालचा मार्ग अरुंद आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते. मोकळ्या मैदानावर गाडी चालविता येणे आणि अशा पेठेतून ती चालविता येणे यांत मोठे अंतर आहे. शिकाऊ काळातील सरावाचा हेतू हे अंतर भरून काढणे हाच आहे.

शहराबाहेर पडल्यावर धोक्यांचे स्वरूप बदलते. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा किंवा परावर्तक नसल्यास रात्री ती दिसत नाही. बाहेर आलेल्या उसाची टोके दुचाकीस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, आंबा या दिशांच्या घाटरस्त्यांवर पावसाळ्यात धुके आणि निसरडेपणा असतो. पुणे-बंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर अवजड वाहने वेगाने जातात.

शिकाऊ अनुज्ञप्ती

शिकाऊ अनुज्ञप्तीसाठीचा अर्ज परिवहन विभागाच्या 'सारथी' या संगणकीय प्रणालीवर करता येतो. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी आणि शारीरिक योग्यतेचे घोषणापत्र किंवा प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. अर्जात मृत्यूनंतर अवयवदान करण्याची इच्छा आहे काय, असाही प्रश्न असतो आणि होकार दिल्यास त्याची नोंद अनुज्ञप्तीवर होते. आधार प्रमाणीकरण करणाऱ्या अर्जदारास महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या परीक्षा देऊन शिकाऊ अनुज्ञप्ती मिळविता येते. ज्यांना ते शक्य नाही किंवा नको आहे, त्यांना वेळ निश्चित करून कार्यालयात परीक्षा देता येते. अर्जासाठी मध्यस्थाची आवश्यकता कायद्याने कोठेही ठेवलेली नाही.

या प्राथमिक परीक्षेचे विषय नियम ११ मध्ये दिले आहेत. वाहतुकीची चिन्हे, संकेत व रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, पहारा नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि वाहन चालविताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे हे ते चार विषय होत. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात.

वाहतूक चिन्हे त्यांच्या आकारावरून ओळखता येतात, हे लक्षात ठेवल्यास पाठांतराचे ओझे हलके होते. वर्तुळाकार चिन्हे बंधनकारक असतात, उदाहरणार्थ वेगमर्यादा किंवा प्रवेश बंद. लाल किनारीची त्रिकोणी चिन्हे पुढील धोक्याची सूचना देतात, उदाहरणार्थ वळण, शाळा किंवा घाट. आयताकृती चिन्हे माहिती पुरवितात, उदाहरणार्थ रुग्णालय किंवा पेट्रोल पंप. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी आणि 'मार्ग द्या' हे उलट्या त्रिकोणाचे असते. मळले किंवा झाकले गेले तरी ती आकारावरून ओळखू यावीत म्हणून त्यांचे आकार इतरांपासून वेगळे ठेवले आहेत.

शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते. ती स्वतंत्रपणे वाहन चालविण्याची परवानगी नव्हे. केंद्रीय नियम ३ नुसार वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पृष्ठभागावर तांबड्या रंगात इंग्रजी 'एल' हे अक्षर लावावे लागते. पाटी किमान १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीची असावी लागते. शिकाऊ चालकाने मोटारसायकलवर मागे शिकविणाऱ्याखेरीज अन्य कोणासही बसवू नये आणि त्या शिकविणाऱ्याकडे वैध अनुज्ञप्ती असावी, असे नियम सांगतो. शिकाऊ अनुज्ञप्तीवर मित्राला मागे बसवून महाविद्यालयात जाणे हा त्यामुळे नियमभंग ठरतो.

सरावाचा काळ

शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय योग्यता चाचणी देता येत नाही. मोटार चालविणे शिकविणाऱ्या संस्था शहरांत असल्या, तरी दुचाकी बहुधा घरातील वडीलधारी माणसे, भावंडे किंवा मित्र शिकवितात. त्यामुळे शिकविणाऱ्याच्या सवयी, चांगल्या आणि वाईट दोन्ही, नकळत शिकणाऱ्याकडे जातात.

सरावाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे ठेवला जातो. प्रथम इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणे, स्टँडवर चढविणे आणि तोल सांभाळणे. नंतर क्लच हळूहळू सोडून गाडी पुढे नेणे आणि थांबविणे. त्यापुढे गिअर बदलणे, संथ गतीने वळणे, आरसा पाहून आणि इशारा देऊन दिशा बदलणे, आणि शेवटी अचानक थांबणे. यातील शेवटचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबविण्याची अधिक क्षमता पुढच्या ब्रेकमध्ये असते. 'पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते' या भीतीने केवळ मागचा ब्रेक वापरणाऱ्यास थांबण्यासाठी अधिक अंतर लागते आणि मागचे चाक घसरण्याचा संभव वाढतो. सरळ रेषेत असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब क्रमाने वाढवीत लावणे ही योग्य पद्धत होय. वळणावर, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक झटक्याने दाबणे धोक्याचे असते. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींपैकी १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना चाक अडकू न देणारी ब्रेक प्रणाली, तर त्याहून लहान गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची प्रणाली सक्तीची आहे. घरातील जुन्या गाडीवर शिकणाऱ्यास हे साहाय्य मिळेलच असे नाही.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग सेकंदास ५ मीटरने कमी होतो असे धरल्यास ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ७ मीटरांत थांबते, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची सुमारे २८ मीटरांत. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जाणारा वेळ यात धरलेला नाही. त्या एका सेकंदात ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे प्रत्यक्षात ४५ मीटर मोकळा रस्ता लागतो आणि पावसात त्याहून अधिक. दर थोड्या अंतरावर चौक येणाऱ्या पेठेत एवढा मोकळा रस्ता मिळत नाही.

योग्यता चाचणी

चाचणीच्या दिवशी अर्जदाराने अर्जातील वर्गाची दुचाकी, तिचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र घेऊन उपस्थित राहावयाचे असते. चाचणी मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक मोटार वाहन निरीक्षक घेतात. केंद्रीय नियम १५ मध्ये तपासावयाच्या बाबींची तपशीलवार यादी आहे. आरसा जुळवून घेणे, सुरक्षितपणे निघणे, योग्य इशारे देणे, रस्त्यावर योग्य जागा धरून चालणे, संकेतांचे पालन, इतर वाहने व पादचारी यांच्याविषयी दक्षता आणि गरज पडल्यास चटकन थांबणे यांचा त्यात समावेश होतो.

दुचाकीच्या चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्याच्या मार्गावरून पाय न टेकता गाडी नेण्यास सांगण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. या आकृतीत डावे आणि उजवे अशी दोन्ही वळणे येतात आणि वेग इतका कमी असतो की तोल आपोआप राहत नाही. क्लचचे नियंत्रण, मागच्या ब्रेकचा हलका वापर आणि नजरेची दिशा या तिन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी तपासल्या जातात. पुढच्या चाकाकडे पाहणाऱ्याचा तोल जातो. जेथे जावयाचे त्या दिशेला नजर ठेवणाऱ्याची गाडी सहज वळते.

अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. केंद्रीय नियमांनी ठरविलेले शुल्क शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी प्रत्येक वर्गास १५० रुपये, प्राथमिक परीक्षेसाठी ५० रुपये, योग्यता चाचणीसाठी प्रत्येक वर्गास ३०० रुपये आणि अनुज्ञप्तीपत्रासाठी २०० रुपये असे आहे.

मुदत आणि नूतनीकरण

२०१९ च्या दुरुस्तीनुसार खासगी वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत धारकाच्या वयावर अवलंबून असते. ३० वर्षांखालील व्यक्तीची अनुज्ञप्ती वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालते. ३० ते ५० या वयोगटात ती १० वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयोगटात वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी दिली जाते. मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरण करता येते. त्याहून उशीर झाल्यास पुन्हा योग्यता चाचणी द्यावी लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांवरील इलेक्ट्रॉनिक अनुज्ञप्ती तपासणीच्या वेळी मूळ कागदपत्राप्रमाणेच ग्राह्य धरली जाते. अनुज्ञप्तीपत्राचे भ्रमणध्वनीवर काढलेले साधे छायाचित्र मात्र त्यात मोडत नाही.

शिरस्त्राण

अधिनियमाच्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, सक्तीचे आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह नसलेल्या दुचाकी हेल्मेटची निर्मिती आणि विक्री करता येत नाही. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट धडकेच्या वेळी डोक्यावरून निघून जाते. त्यामुळे पट्टा बांधणे हेही कायद्याने आवश्यक मानले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत सुमारे १,६८,००० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या सुमारे ५०,००० होती. महाराष्ट्रातील एकूण बळी १५,००० हून अधिक होते.

विनाअनुज्ञप्ती वाहन चालविण्याचे परिणाम

अनुज्ञप्तीशिवाय वाहन चालविल्यास कलम १८१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा व्यक्तीस वाहन चालवू देणाऱ्या मालकास कलम १८० नुसार तेवढीच शिक्षा आहे. रस्त्यावर जागीच वसूल होणारे तडजोड शुल्क राज्य शासन ठरविते. त्यामुळे काही गुन्ह्यांबाबत ते अधिनियमातील रकमेहून वेगळे असू शकते.

चालक अल्पवयीन असल्यास २०१९ साली समाविष्ट झालेले कलम १९९-अ लागू होते. त्यानुसार गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे पालकास सिद्ध करावे लागते. मुलाकडे अनुज्ञप्ती असून ती ज्या वाहनासाठी आहे तेच वाहन तो चालवीत असेल, तर हे कलम पालकास लागू होत नाही. ५० घन सेंटिमीटरची अनुज्ञप्ती आणि ११० घन सेंटिमीटरची स्कूटर यांतील फरक येथे निर्णायक ठरतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत मोटारसायकलवरील एक तरुण आणि एक तरुणी मृत्युमुखी पडले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याच्या आरोपामुळे पालकांच्या दायित्वाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

विम्याच्या बाबतीतले परिणाम अधिक दूरगामी असतात. प्रत्येक वाहनास त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. चालकाकडे वैध अनुज्ञप्ती नसणे हा विमा अटींचा भंग मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंह या खटल्यात या प्रश्नाचा विस्ताराने विचार केला. अशा प्रसंगी विमा कंपनीने आधी अपघातग्रस्तास भरपाई द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, अशी रीत त्यातून रूढ झाली. त्यामुळे अपघातग्रस्ताचे नुकसान टळते, पण भरपाईचा भार मालकाच्या कुटुंबावर येऊ शकतो. भरपाईची रक्कम मृत व्यक्तीचे वय, उत्पन्न आणि तिच्यावरील अवलंबितांची संख्या यांवरून ठरते आणि ती लाखांच्या घरात जाते. वाहनमालकाच्या स्वतःच्या वैयक्तिक अपघात विम्याचा लाभही वैध अनुज्ञप्ती असल्यासच मिळतो.

अपघातानंतरची कर्तव्ये

अधिनियमाच्या कलम १३४ नुसार अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने जखमी व्यक्तीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करणे आणि घटनेची माहिती लवकरात लवकर, अधिकाधिक २४ तासांत पोलिसांना देणे बंधनकारक आहे. जमावाच्या भीतीने तेथे थांबणे शक्य नसल्याचा अपवाद कायद्याने मान्य केला असला, तरी पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या तिऱ्हाईत व्यक्तीस २०१९ पासून कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही.

इतर देशांतील पद्धती

युरोपीय संघात २०१३ पासून आणि ब्रिटनमध्येही मोटारसायकलची अनुज्ञप्ती पायरीपायरीने मिळते. ब्रिटनमध्ये १७ व्या वर्षी १२५ घन सेंटिमीटरपर्यंतची, १९ व्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतच्या शक्तीची आणि थेट प्रवेश घेणाऱ्यास २४ व्या वर्षी कोणत्याही शक्तीची मोटारसायकल चालविण्यास पात्र होता येते. तेथे १९९० पासून रस्त्यावर येण्यापूर्वी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे आहे. भारतात अशी श्रेणीबद्ध रचना नाही. येथे १०० घन सेंटिमीटरच्या मोटारसायकलीवर चाचणी उत्तीर्ण झालेल्या १८ वर्षांच्या तरुणास दुसऱ्याच दिवशी ६५० घन सेंटिमीटरची मोटारसायकल कायदेशीरपणे चालविता येते. वाहनाच्या शक्तीची निवड कायद्याऐवजी कुटुंबाच्या विवेकावर सोडलेली आहे.

परदेशी जाणाऱ्या भारतीय अनुज्ञप्तीधारकास परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचे आंतरराष्ट्रीय चालन अनुज्ञापत्र मिळते. ते मूळ अनुज्ञप्तीसोबतच वापरावयाचे असते. दीर्घकाळ वास्तव्य असल्यास बहुतेक देशांत स्थानिक अनुज्ञप्ती घ्यावी लागते. उदाहरणार्थ, जर्मनीत भारतीय अनुज्ञप्ती वास्तव्याच्या पहिल्या सहा महिन्यांपुरतीच चालते.